जावयाचा उष्टा फोन

जावई निवडताना केली नाही एवढी चौकशी मी जावयाचा फोन निवडताना केली, असं माझी बायको सुनंदा सगळ्यांना सांगते. हे साफ खोटं आहे. मी दोघांचीही चौकशी अगदी सारखीच केली होती. घोळ तिथंच झाला.

मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत परचेस खात्यात आहे. परचेसचा माणूस म्हणजे ज्याच्यासमोर रोज कुणीतरी दोन नमुने आणून ठेवतं, आणि त्यानं दोन्ही वाजवून, वाकवून, कानाला लावून शेवटी एकाला नाक मुरडायचं. हे काम इतकी वर्षं केलं की सवय घरात शिरते. गादी घेताना मी दुकानातच तिच्यावर झोपून बघितलं (दुकानदारानं उठवलं तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं). कलिंगड तर फुकट मिळालं तरी मी वाजवतो. नात्यात कुणाला साधा मिक्सर घ्यायचा असला तरी आधी मला विचारतात. विचारतात आणि मग दुसराच घेतात, पण विचारतात.

यंदा धोंड्याचा महिना आला. आमच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न होऊन अजून वर्षही झालं नव्हतं, त्यामुळं जावयाचा हा पहिलाच धोंडा. या महिन्यात जावई हा जावई नसतो, साक्षात नारायण असतो. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. लोक कपडे देतात, तांब्याचं ताम्हण देतात. मी जाहीर केलं की आपण फोन देणार, आणि तोही भारीतला. कारण आमचे जावई अमोलराव यांच्या फोनची काच कधीची फुटली होती आणि मागचं झाकण त्यांनी रबरबँडनं बांधून ठेवलं होतं. लासूर स्टेशनला त्यांची आडत आहे. दिवसभर कांद्या-मक्याच्या धुळीत उभा राहणारा मुलगा, पण तक्रार म्हणून कशाची नाही.

ही बातमी ऐकून पल्लवीचा फोन आला.

“पप्पा, फोन द्या नाहीतर टॉवेल-टोपी द्या. फक्त या वेळी त्यांची तपासणी करू नका.”

“मी कधी केली?”

“साखरपुड्यात त्यांनी मला घातलेली अंगठी तुम्ही काढून घेऊन पाटावर वाजवली होती.”

(वाजवली होती. खणखणीत निघाली. हे मात्र कुणी सांगत नाही.)

“पप्पा, ते तुमच्यासमोर मोकळेपणी बसत नाहीत. मला म्हणतात, मामा माझ्याकडं असं बघतात की आता हा माल परत पाठवतील. माझ्याच माहेरी माझा नवरा असा अंग चोरून बसतो, ते मला बघवत नाही हो.”

शेवटी तिचा आवाज जरा ओला झाला. मी म्हणालो, “बाळा, माझा शब्द आहे. तपासणी फक्त फोनची.”

कॅनॉटच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानातल्या पोऱ्यानं दोन फोन माझ्यासमोर मांडले, एक निळा आणि एक काळा. (कंपन्यांची नावं सांगत नाही. त्यांचा यात काही दोष नाही, सगळा माझाच आहे.) दोन्ही इतके गुळगुळीत की हातात धरायलाही भीती वाटावी.

“अंकल, दोनो बी मक्खन है.”

“रोजच्या वापराला कोणता?” हा माझा ठरलेला प्रश्न. कंपनीत मी या प्रश्नानं भल्याभल्यांना घाम फोडलेला आहे.

त्यानं सांगायला सुरुवात केली. एकातून चंद्रावरचे खड्डे दिसतात. दुसरा बर्फात पडला तरी चालतो.

“बाबा, खड्डे बघायला आम्हाला चंद्र लागत नाही. आम्ही शेंद्र्याला जातो-येतो, त्याचं सांग.”

“फिर तो अंकल, कौनसा बी लेव, चलता.”

हे उत्तर परचेसच्या माणसाला चालत नाही. मी मालकाला गाठलं. ओळखीचा होता. तो म्हणाला, “निळा घेऊन जा, घरी वापरून बघा, नाही पटला तर बदलून काळा देतो. कुणाला सांगू नका फक्त.” आता तुलनेला काळा हवा. तो आमच्या मेहुण्याकडं होता. सुनंदाचा भाऊ संतोष, गंगापूरचा, ऊस आणि म्हशी सांभाळून जगातला प्रत्येक नवा फोन माझ्याआधी घेणारा माणूस. तो कधीचा माझ्या मागं लागला होता, “दाजी, डोळे झाकून काळा घ्या. निळा नुसता दिसायला हाय.” डोळे झाकून मी डोळ्यांत औषधसुद्धा घालत नाही. मी म्हणालो, एवढी खात्री असेल तर तुझा काळा दे मला चार दिवस. बहिणीसमोर त्याला नाही म्हणता येईना. तो माझा जुना फोन घेऊन तोंड पाडून गंगापूरला गेला.

सुनंदानं मला दोन फोन दोन खिशांत घालताना बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

“अहो, जावयाला वाण द्यायचं ते तुम्ही आधी वापरणार?”

“वापरणार नाही, तपासणार.”

“नैवेद्याला कुणी आधी तोंड लावतं का? नारायणाला उष्टं देणार?”

“नैवेद्याचं वेगळं. त्याला वॉरंटी नसते.”

ती पाठ फिरवून आत गेली. ती अशी आत जाते तेव्हा मी थांबायला पाहिजे, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळत नाही.

तपासणी न्यायानं व्हावी म्हणून मी आधी दोन्ही फोनांना एकसारखी करडी कव्हरं घातली. आमच्या खात्याची ही रीत आहे. रंग दिसला की मन एका बाजूला झुकतं, म्हणून नमुने झाकून तपासायचे. (हे कव्हर लक्षात ठेवा. मी विसरलो.) मग रोजचा वापर सुरू झाला. कंपनीच्या आवारात भर उन्हात दोन्ही फोन दोन हातांत धरून मी उभा राहिलो, कोणता जास्त स्पष्ट दिसतो ते बघायला. गेटवरचा वॉचमन सावलीत यायला सांगून सांगून थकला आणि शेवटी स्वतःच पाणी घेऊन आला. जालना रोडच्या खड्ड्यांवरून स्कूटर नेली, दोन्ही पुढच्या डिकीत. घरी नळाला पाणी आलं त्या दिवशी दोन्ही बादलीत बुडवले. फोनांना काही झालं नाही. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी नासवलं म्हणून मला मात्र बरंच ऐकावं लागलं. गच्चीवरून लांबचा फोटो काढून शेजाऱ्यांच्या विजेच्या मीटरचे आकडे वाचले. शेजारीणबाई खिडकीतून माझ्याचकडं बघत होत्या, तेही फोटोत स्पष्ट आलं.

मग तोंडाचं कुलूप. माणसाचं तोंड बघून फोन उघडतो, हे मला खरं वाटेना. दोन्हीला माझं तोंड दाखवून ठेवलं आणि हेल्मेट घालून, उन्हाची दस्ती बांधून, दाढीचा साबण लावून पुन्हा पुन्हा समोर गेलो. साबणातल्या तोंडाला एकानं ओळख दिली नाही. दुसऱ्यानं दिली; कव्हर जरा उचकून बघितलं तर तो निळा. निळ्याला मी मनातल्या मनात दोन गुण दिले.

राहिला होता आवाज. एकच आवाज दोन्हींत भरून कोणता खरा येतो ते बघायचं होतं. स्वयंपाकघरात एक फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला, दुसरा पिठाच्या डब्याला, आणि दोन्हींवर व्हिडिओ सुरू केला. आता आवाज कसला काढावा? गाणं मला येत नाही. समोर सुनंदानं येसराच्या, म्हणजे भाजक्या धान्या-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीची वाटी ठेवलेली होती. आणि इथं माझी बुद्धी फिरली.

अमोलला येसराची आमटी जिवापाड आवडते. तो वाटी दोन्ही हातांनी उचलतो, डोळे मिटतो, आणि एक लांबलचक फुर्रर्र ओढतो. शेवटी समाधानाचा “हाऽऽ” येतो. आमच्या घरात सगळे भाकरी चुरून गुपचूप खाणारे. मी त्याला कधी काही बोललो नव्हतो. फक्त बघायचो. पल्लवी म्हणत होती तसं.

तर मी वाटी दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले आणि दोन्ही फोनांना सांगितलं, “हे आमचे अमोलराव.” फुर्रर्र. “हाऽऽ.” छान जमलं म्हणून पुन्हा एकदा केलं. त्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण व्हिडिओ चालू होता आणि परचेसचा माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. मी म्हणालो, “पल्लवीच्या वेळीही असेच दोन होते. एक पुण्याचा, एकदम वरचं मॉडेल. मी तोच पसंत केला होता. पोरीनं हा लासूरचा धरला. मी म्हटलं, असू दे. रोजच्या वापराला चालेल.”

दारात सुनंदा उभी होती.

“लाज वाटत नाही? देवासारखा मुलगा तो. आत्ताच्या आत्ता पुसा ते.”

मला खरोखर लाज वाटली. आता सांगतानाही कान गरम होतात. खरं तर अमोल मला आवडायला लागला होता. दिवाळीत त्यानं माझी स्कूटर मला न सांगता धुऊन ठेवली होती. पण दुसऱ्याला नावं ठेवायची सवय एवढी जुनी की आवडत्या माणसालाही ती आपोआप लागते.

पुसायला बसलो. दोन्ही फोन समोर, चष्मा कपाळावर. एक उचलला, त्यातलं सगळं निवडून सगळं पुसलं. (त्यात एका म्हशीचे बरेच फोटो होते. मला वाटलं, कंपनी नमुन्यादाखल देत असेल.) तेवढ्यात चहा आला. चहा झाल्यावर दुसरा उचलला तर तो रिकामाच. म्हटलं वा, हाही पुसलेला दिसतोय. कव्हरं काढली, काळा संतोषला परत पाठवला, निळा डब्यात घातला आणि दुकानदाराला कळवून टाकलं, निळाच ठेवतो. संतोषलाही फोन केला. “दाजी, पस्तावाल,” एवढंच तो म्हणाला.

धोंड्याच्या दिवशी सकाळी संतोषचा फोन आला.

“दाजी, माझी म्हैस गायब हाय.”

“अरे बाप रे. कधीपासून?”

“तुम्हाला माहीत आसंल की.”

“मला रे काय माहीत? पोलिसात जा. घरी पाहुणे यायचेत, मी ठेवतो.” माणूस म्हशीच्या दुःखात काहीही बोलतो, असं मी सुनंदाला म्हणालोसुद्धा.

अमोल आणि पल्लवी आले, सोबत व्याही आप्पा आणि विहीणबाई. आप्पा म्हणजे आडतीत दिवसभर लिलाव पुकारून आवाज कमावलेला माणूस, घरात हळू बोलले तरी बाहेर रिक्षावाला थांबतो. अमोल पाटावर बसला. सुनंदानं ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात मुलगा खरोखर नारायणासारखा दिसत होता. फक्त अंग चोरून बसला होता. मी डबा त्याच्या हातात दिला आणि पल्लवीकडं बघून मान हलवली, की बघ, काही तपासलं नाही.

डबा उघडून त्याचा चेहरा उजळला. “मामा, हा तर लई भारीतला आहे.” फोन तोंडासमोर धरला. मग जरा लांब धरला. मग पुसला. “मामा, हा उघडत नाही.”

“नवा आहे,” मी म्हणालो. “लाजत असेल.”

“बघू दे,” म्हणत आप्पांनी फोन हातात घेतला, उलटसुलट केला, आणि मला दाखवावा म्हणून माझ्या तोंडासमोर आणला. टक्. फोन उघडला.

“व्याही, ह्यो तर तुमचंच तोंड वळखतोय की.”

सुनंदानं डोळे मिटून घेतले. मी म्हणालो की दुकानात करून देतात तसं. अमोल बिचारा हसला. तो माझी अब्रू झाकायला म्हणून म्हणाला, “जाऊ द्या, फोटो काढू सगळ्यांचा.” सगळे पाटाभोवती जमले. फोटो छान आला. तो बघायला त्यानं कोपऱ्यात बोट लावलं, आप्पा खांद्यावरून वाकले, विहीणबाई वाकल्या. अमोलचं बोट जरा सरकलं आणि पडद्यावर मी आलो, मागं आमचंच स्वयंपाकघर.

त्या क्षणी मला संतोषची म्हैस आठवली. ती कुठं गेली होती ते लख्ख कळलं: एकसारख्या कव्हरांत मी दोन्ही वेळा काळाच उचलला होता. मी हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

“हे आमचे अमोलराव,” फोन म्हणाला.

आवाज अप्रतिम होता. मी तो पूर्ण वाढवून ठेवलेला होता. फुर्रर्र अख्ख्या घरात घुमलं. “हाऽऽ.” आप्पांना आधी ती मसाल्याची जाहिरात वाटली. “कोणाचा येसर म्हनायचा?” असं ते म्हणतायत तेवढ्यात दुसरं फुर्रर्र आलं, आणि त्याच्या मागून पुण्याचा, वरचं मॉडेल, पोरीनं धरलेला लासूरचा, आणि रोजच्या वापराला चालेल. एक शब्द सुटला नाही. माझी निवड किती योग्य होती हे त्या दिवशी सिद्ध झालं, आणि मला फरशीत जायला जागा सापडेना.

अमोलनं व्हिडिओ बंद केला. फोन डब्यात ठेवला. डबा नीट बंद केला.

“आवाज चांगला आहे, मामा,” तो म्हणाला.

आप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू निघाला. “व्याही, आमी त्याला ल्हानपणापून वापरतोय. एकदा बी दुरुस्तीला न्यावा लागला नाय.”

पानं वाढली. सुनंदानं धोंडे वाढले, तूप वाढलं, येसराच्या आमटीची वाटी भरून अमोलच्या ताटाजवळ ठेवली. त्यानं वाटीकडं बघितलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, “मामी, चमचा मिळेल का?”

चमचा आला. आणि आमचा जावई चमच्यानं, थेंबथेंब, आवाज न करता आमटी जेवला. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. साहेबाची, बायकोची, एकदा तर कंत्राटदाराच्या सासूची. पण त्या चमच्याच्या शांततेएवढं काही लागलं नाही. शेवटी “हाऽऽ”सुद्धा नाही.

पाणी आणायला म्हणून आत गेलो तर पल्लवी ओट्याशी पाठमोरी उभी होती.

“पप्पा, मी तुम्हाला एकच गोष्ट मागितली होती.”

“बाळा, चुकलं माझं.”

“ते आता या घरी येतील, नमस्कार करतील, जेवतीलही. पण असंच जेवतील.” तिनं पदरानं नाक पुसलं आणि बाहेर गेली.

मंडळी गेली. पाटावर डबा तसाच राहिला होता.

“वाण टाकून गेला नारायण,” सुनंदा म्हणाली. तिनं मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. “महिना सरायच्या आत ते त्यांच्या हातात पोचलं पाहिजे. आणि पोचवायचं तुम्ही.”

मी कुरियर सुचवून बघितलं. मग संतोषला फोन केला, तू जाशील का म्हणून. तो म्हणाला, “दाजी, माझ्या लक्ष्मीचे रेडकापासूनचे फोटो व्हते त्याच्यात. मला पुढचं काही बोलाया लावू नका.” शेवटी सुनंदाला घेऊन सकाळच्या गाडीनं मी लासूर स्टेशनला निघालो. डबा मांडीवर. वाटेत मी माफीचं भाषण तयार केलं. माझ्या निवडप्रक्रियेत गंभीर त्रुटी राहिली, अशी त्याची सुरुवात होती. सुनंदा म्हणाली, असलं काही बोललात तर मी मधल्या स्टेशनला उतरेन.

अमोल आडतीवरून आमच्यासाठी घरी आला. वाकून नमस्कार केला. मी म्हणालो, “अमोलराव, माझं चुकलं.”

“जाऊ द्या मामा,” तो म्हणाला, अगदी गोड. हात-पाय धुवा म्हणाला. डबा त्यानं घेतला आणि कोनाड्यात ठेवला, न उघडता. माणूस भांडला तर निदान काही बोलता येतं. गोड वागणाऱ्यापुढं काय बोलणार?

जेवायला बसलो. वास आला आणि मी ओळखलं, येसराची आमटी. समोर आप्पा, शेजारी अमोल, बाजूला त्यांचे चुलते. आणि प्रत्येकाच्या ताटाजवळ एकेक चमचा. विहीणबाईंनी मुद्दाम मांडलेले, काही अगदी नवे, दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. मग ते घर जेवायला लागलं. मी आहे म्हणून. आप्पांना चमचा धरता येत नव्हता, तो त्यांनी फावड्यासारखा मुठीत पकडला होता आणि निम्मी आमटी सदऱ्यावर जात होती. चुलते तर आमटीकडं बघायचे आणि तोंड मिटून घ्यायचे. एवढ्या बाप्या माणसांच्या पंगतीत चमच्यांचा तेवढा किणकिणाट. हे सगळे पिढ्यानपिढ्या फुर्रर्र करून जेवणारे लोक, स्वतःच्या घरात, माझ्यासमोर परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. पल्लवी वाढता वाढता थांबली होती. माझ्याकडं बघत नव्हती.

मला तो किणकिणाट सहन होईना. मी चमचा खाली ठेवला. वाटी दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले आणि जिवाच्या आकांतानं फुर्रर्र ओढलं.

तर त्यात एक भाग असा की ही कला आहे. ती लहानपणापासून यावी लागते. शिवाय मी स्वयंपाकघरात ओढली ती आमटी गार होती, आणि ही चुलीवरून उतरलेली. शिवाय आमचा येसर शहरातला, हा लासूरचा. आमटी घशाकडं निघाली आणि वाटेत विचार बदलून नाकाकडं वळली. पुढं काय झालं ते मला दिसलं नाही, कारण डोळ्यांतूनही काहीतरी यायला लागलं होतं. आप्पांनी पाठीत असा गुद्दा घातला की आमटीबरोबर माझा कवळीचा दातही वाटीत परत आला. विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. सुनंदा म्हणत होती, “अहो, नाक शिंकरा, नाक शिंकरा.” मी मात्र त्या सगळ्यातून कसाबसा दम घेतला आणि करायचं राहिलेलं ते केलं. म्हणालो, “हाऽऽ.”

मग कुणीतरी फुसकन हसलं. तो अमोल होता. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. पंगतीच्या त्या टोकाला चुलत्यांनी चमचा बाजूला सारला आणि घर हादरवणारं फुर्रर्र केलं. आप्पा म्हणाले, “आता जेवलो म्हनायचं,” आणि त्यांनीही वाटी उचलली. पल्लवीकडं बघितलं तर ती रडत होती की हसत होती ते मला त्या डोळ्यांनी कळलं नाही.

अमोल उठला, कोनाड्यातून डबा काढला, फोन बाहेर घेतला.

“मामा, अजून एकदा. मघाशी आवाज नीट नाही आला.”

फोन उघडायला त्यानं तो माझ्या तोंडासमोर धरला. उघडेना. साबणातलं तोंड ओळखणाऱ्या फोननं ते तोंड ओळखायला साफ नकार दिला. “पप्पा, आधी मिशी पुसा,” पल्लवी म्हणाली. मिशी पुसल्यावर उघडला. मग मी पुन्हा वाटी उचलली, आणि पुन्हा तेच झालं, दात सोडून. तेवढा मी आधीच खिशात ठेवला होता. त्यानंतर अमोलनं आपली वाटी दोन्ही हातांनी उचलली. डोळे मिटले. ते फुर्रर्र मी कानात साठवून घेतलं. असं निर्मळ फुर्रर्र माझ्याच्यानं या जन्मी होणार नाही.

तो व्हिडिओ त्यानं त्याच दिवशी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं होतं, “आमचे मामा. रोजच्या वापराला चालतील.”

गाडीत परत येताना संतोषचा फोन आला. म्हशीनंतर तो पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलला.

“दाजी, पाच वेळा बघितला. नाकातून आलेला येसराचा कण न् कण येगळा दिसतोय. पाठीत बसलेल्या गुद्द्याचा धप् आवाज सुदीक आलाय. माझ्या काळ्यात एवढं नसतं आलं. मान्य हाय, निळाच भारी.”

परचेस खात्यात एवढी वर्षं झाली. माझी एखादी निवड योग्य होती असं कुणी स्वतःहून कबूल केल्याची ही पहिलीच वेळ, आणि तीसुद्धा पुराव्यासकट.